ओवीचं कार्ड आणि आमचे दाजी

समोरच्या माणसाला पैशाची अक्कल शिकवल्याशिवाय ज्याला घास गिळवत नाही, असा या पृथ्वीतलावर एकच माणूस आहे आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला. आमचे दाजी. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची आडत. कपाळाला भस्म, अंगात पांढरी बंडी, बंडीच्या आतल्या खिशात नोटा आणि जिभेवर उपदेश. एकदा बँकेत ठेव ठेवायला गेले आणि तिथल्या मॅनेजरलाच, "सायेब, भर थंडीत एसी लावून बसता, मग व्याज जास्ती कुठून देणार?" असं सुनावून आले. ताई तर म्हणते, लग्नात अंतरपाट बाजूला झाला आणि यांचं पहिलं वाक्य काय, तर "अक्षतांना तांदूळ लई महागाचा घेतला बघ तुझ्या बापानं." ताईला तिखटमीठ लावायची सवय आहे, पण हे मला शंभर टक्के खरं वाटतं.

अशा माणसाला एकुलती एक नात. ओवी. वय वर्षं नऊ, मुक्काम नांदेड, माझ्या भाचीची मुलगी, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. दाजींचा सगळा जीव तिच्यात. पण जेवलीस का, अभ्यास झाला का, असं विचारायला फोन केला की ती आपली "हं", "बरं", "जेवले" एवढं बोलणार आणि फोन आईच्या हातात देऊन पळणार. दाजी हिरमुसून बसायचे. "आजोबा हाय म्या, लोनवाल्याचा फोन हाय का कटवायला?" म्हणायचे. पोरीनं आपल्याशी दोन गोष्टी बोलाव्यात, एवढाच त्यांचा हट्ट होता. अशात शेजारच्या आडतवाल्यानं त्यांना लहान मुलांचं प्रीपेड कार्ड दाखवलं. मोठ्यांनी मोबाइलवरून पैसे भरायचे, मुलांनी तेवढेच खर्चायचे, आणि दर खर्चाला मोठ्यांच्या मोबाइलवर टिंग करून मेसेज येणार. दाजींना ब्रह्म सापडलं! नात व्यवहार शिकेल आणि तिचा अख्खा दिवस आपल्याला लातुरात बसून कळेल. जावयानं "नवव्या वर्षी कशाला हे?" म्हणून बघितलं, पण दाजींपुढं कुणाचं चालतंय!

दिवाळीला ओवी लातूरला आली. लक्ष्मीपूजनाला दाजींनी तराजूशेजारी ते कार्ड पाटावर मांडलं, फुलं वाहिली, आणि लक्ष्मी राहत असेल तर इथंच, अशा खात्रीनं त्याच्यावरच्या सोनेरी चौकोनाला ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. पाडव्याला आजोबा-नात मिरवत खेळण्यांच्या दुकानात गेले. ओवीनं ऐटीत कार्ड मशीनमध्ये घातलं. मशीन ढिम्म. पुन्हा घातलं, पुन्हा ढिम्म. दुकानदारानं बाहेर काढून बघितलं तर त्याची बोटं लाल. "काका, याला कुंकू कुणी लावलं?" दाजी शांतपणे म्हणाले, "नवी सून हाय, कुंकू लावूनच येणार की." शेवटी बंडीतून नोट निघाली. दुकानदार खोडरबर घेऊन लक्ष्मीला घासत बसला होता, असं ओवी मला पोट धरधरून सांगत होती.

मग सुरू झाली शिकवणी. दिवसाचा पहिला खर्च करताना कार्ड कपाळाला लावायचं. उधारी मागणाऱ्या मैत्रिणीला बोहनी झाली नाही म्हणून सांगायचं. आणि छापील किंमत म्हणजे काय? "तो दुकानदाराचा भाव झाला. आपला अजून सांगायचा हाय." झालं! पोरगी शाळेजवळच्या बेकरीत क्रीमरोलचा शेवटचा भाव विचारायला लागली. बेकरीवाला भला माणूस, हसून एक खारी जास्तीची द्यायचा. ते कळलं त्या दिवशी दाजींनी मोंढ्यात पेढे वाटले. आणि ती टिंग तर काय विचारता! सोयाबीनचा सौदा ऐन रंगात आलेला, मापाडी खोळंबलेले, आणि हे चष्मा लावून मेसेज वाचणार. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण यांनी त्या बेकरीवाल्याचा नंबर मिळवला. टिंग वाजली रे वाजली की बेकरीत फोन. "माझ्या नातीला द्या जरा. काय घेतलं गं? कोणासंग खाऊन राहिली? तिनं तिचे पैशे दिले का न्हाई?" पुढं वह्यांच्या दुकानाचाही नंबर त्यांच्याकडं आला.

संक्रांतीनंतर टिंग बंद पडली. दाजींची छाती आधी फुगली. मला फोन करून म्हणाले, "बघ बाई, नात कुणाची हाय! पैशाला हात लावत न्हाई." आठवड्याभरात आवाज बदलला. "पोरीला बरं हाय ना? एकदा बघून ये की." मी गेले. ओवी आधी काही बोलेना, मग म्हणाली, "मावशीआजी, कार्ड काढलं की आजोबांचा फोन येतो. सगळ्या मैत्रिणी हसतात. मग मी खाऊच बंद केला. आता आई सुटे पैसे देते." डोळे भरले होते तिचे. वर आणखी, "आजोबांना सांगू नको, त्यांना वाईट वाटेल." मला दाजींचा असा राग आला म्हणता! पोरीचा शब्द मोडला मी. दुसऱ्याच दिवशी लातूरची एसटी धरली आणि चपला काढायच्या आधी विचारलं, "दाजी, लेकराला व्यवहार शिकवताय का लेकरावर पहारा बसवलाय?" आणि सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं होतं, भांडतील. ते खाटेवर बसले. मग म्हणाले, "आमचा आज्जा बैलाचा भाव रुमालाखाली बोटं दाबून करायचा. बाजूला उभ्या माणसाला पत्ता लागायचा न्हाई. दुसऱ्याच्या रुमालाखाली डोकावणारा हलकट, असं मला त्यानं शिकवलं. अन् म्या पोरीचा रुमाल भर बेकरीत उचलून बघून राहिलो." मोबाइल माझ्यापुढं धरला. "हे मेसेज बंद कर. पैशे भरू दे, बघायचं बंद."

मी केलं बंद. ताईनं चहा ठेवला. दाजी मोबाइलकडं बघत म्हणाले, "आता तिला फोन कशाच्या निमित्तानं करू गं बाई?" या माणसानं जन्मात बिनकामाचा फोन कुणाला केला नव्हता. मी ओवीच्या घरचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात कोंबला.

"आजोबा? काय झालं?"

"कुठं काय? असाच केला."

पलीकडं सगळं गप्प. दाजी घाबरून माझ्याकडं बघायला लागले. थांबा, म्हणून मी हातानं खुणावलं. मग फोनमधून तो बारीक आवाज हळूहळू सुरू झाला. कुणा मैत्रिणीचा वाढदिवस होता, तिच्यासाठी ओवीनं मोरपंखी रंगाच्या बांगड्या घेतल्या होत्या, त्यातली एक घरी येईपर्यंत फुटली होती, असं काहीबाही. दाजी नुसते "बरं, मग?" म्हणत राहिले. चहावर साय धरली. बांगड्या केवढ्याला घेतल्या, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.