विरजण आणि गोळ्या

आमच्या घराण्यात मोठ्या आतड्याचा दाह वारशानं येतो. जमीन आली नाही. मला तो आहे, माझ्या धाकट्या बहिणीलाही आहे. मी केडगावात राहतो आणि आजाराचं नाव घेतो. ती पाथर्डीला राहते आणि त्याला नुसतं 'पोटाचं' म्हणते. पोटाचं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

माझी मुलगी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत याच आजारावर काम करते. दह्यातल्या जंतूच्या जनुकांत ती असा फेरफार करते, की तो आतड्यात पोचल्यावर दाह शमवणारं प्रथिन तिथल्या तिथे तयार करील. नगरच्या एका महाविद्यालयानं तिचा सत्कार ठेवला. पत्रिकेवर अध्यक्षांचा फोटो तिच्या फोटोहून मोठा होता, तरी आम्ही गेलो. बहीणही आली. रोजच्या गोळ्यांचा तिला वीट आला होता आणि त्या सोडायला तिला कारण हवं होतं. मागे एकदा सोडल्या, तेव्हा दवाखान्यात नेऊन रक्त चढवावं लागलं होतं.

जंतू म्हटलं की लोक दचकतात, म्हणून मुलगी भाषणात म्हणाली, "मी एक शिकवलेलं विरजण तयार करते आहे." शब्द झकास होता. घोटाळा तिथेच झाला.

अध्यक्ष एका साखर कारखान्याचेही अध्यक्ष होते. ते उठले. "अहो, आपल्या आयाबायांनी हे संशोधन गाडग्यात कधीच करून ठेवलंय! ताक प्या, इंग्रजी गोळ्या फेकून द्या. ताईंनी आज हेच सिद्ध केलं!"

टाळ्या पडल्या. मुलगी घाईनं माइककडे निघाली, तर सूत्रसंचालकानं तिच्या हातात नारळ दिला.

बहिणीनं मला कोपरानं ढोसलं. "आयकलं का दादा? आजपासनं गोळ्या बंद. घरी म्हैस हाय."

"ते कारखान्याचे अध्यक्ष आहेत. तुझ्या आतड्याचे नाहीत."

"आन् तुजी पोरगी? तीबी इरजणच म्हनली की."

आभारप्रदर्शन सुरू झालं होतं. मी उभा राहिलो.

"आभाराआधी थोडं ऐका. हा आजार मला आहे. संडासवाटे रक्त पडतं." अध्यक्ष एकदम शालीची घडी नीट करू लागले. "ताक मी रोज पितो, आवडतं म्हणून. जगतो मात्र गोळ्यांवर. मुलीचं विरजण अजून उंदरांच्या पोटात आहे. माणसांना कधी मिळेल, मिळेल की नाही, हे तिलाही ठाऊक नाही. तिलाच विचारा."

मुलीनं नारळ टेबलावर ठेवला आणि माइक घेतला. "बाबा बरोबर सांगतायत. घरच्या दह्यानं हे होत नाही. कुणीही गोळ्या बंद करू नका."

यावर टाळ्या पडल्या नाहीत. चहाची घोषणा झाली.

चहाच्या टेबलापाशी बहीण तणतणत आली. "लई बेशरम हायेस तू. भर सभेत संडास काढलास."

"काढला."

"आता पाथर्डीपातूर जाईल ही गोष्ट."

"जाऊ दे. जीपनं गेली तर लवकर पोचेल."

ती हसली नाही. बराच वेळ अध्यक्षांकडे बघत राहिली. ते फोटोसाठी माझ्या मुलीला मधोमध घेत होते. मग तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला आणि पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली.

"उभा काय राह्यलास? पानी आन."