बर्फावरची हद्द

मी निघाले त्या दिवशी बाबा एअरपोर्टवर आलेच नाहीत. खारदांड्याच्या किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. पाया पडले तर मान वर न करता म्हणाले, "जातेस तर जा. पन पान्याजवल र्‍हा, बाय." आईने सुके बोंबील इतके कोंबले होते की मॉस्कोपर्यंत बॅगेला वास.

तर दांड्यातल्या मंडळींनो, बाबांचं मी ऐकलं. डॉक्टरकी शिकले, आंद्रेई नावाच्या मास्तराशी लग्न केलं आणि रशियाच्या उत्तरेला, तळ्याकाठच्या त्याच्या गावात दवाखाना सांभाळू लागले. तळं म्हणजे आपलं पवई नव्हे. पलीकडचा काठ दिसत नाही. पण भरती नाही, ओहोटी नाही, सुरुवातीला मला वेडच लागायचं. हिवाळ्यात सगळं गोठतं आणि त्यावरून गाड्या धावतात. तालुक्याचं ऑफिस लांब, त्यामुळे गावात जो काही कारभार तो गालिनामावशीचा. आपल्या सरपंचासारखी ती. वसंतात बर्फ पातळ झाला की तालुक्याहून हुकूम येतो, रस्ता बंद. मग ती काठावर आडवी फळी ठोकते आणि तिच्यावर बंदीची पाटी लावते.

गेल्या वर्षी बाबा आले ते नेमके तेव्हाच. फळी ठोकल्याच्या दुसऱ्या दिवशी उठून बघते तर बाबा गायब, आणि फळीपलीकडे त्यांच्या बुटांचे ठसे. रशियन पाटी त्यांना काय डोंबल वाचता येणार! म्हटलं, वाट लागली. पाण्यातलं सगळं कळतं म्हणणारा माणूस, पण बर्फ त्याने फक्त मासळीच्या टोपलीत बघितलेला.

गालिनामावशीने बचाववाल्यांना फोन लावला. तिकडचा साहेब विचारतो, माणूस आमच्या बाजूला आहे की पलीकडच्या तालुक्यात? म्हणे हद्द तळ्याच्या मधून जाते. पलीकडे फोन केला तर तेही तेच. अगदी आपल्याकडच्यासारखं, यार! मी तर मराठीतच किंचाळले, "अरे माझा बाप बुडेल तिथे, रेषा कसल्या बघता?" मावशीने फोन हिसकावला, दोन सणसणीत शिव्या हासडल्या आणि म्हणाली, "हद्द गेली खड्ड्यात. माणूस माझ्या गावचा आहे."

बर्फावर चालणारी बोट आली. मी आत बसले ती देवीचं नाव घेत. बरंच आत एक म्हातारा मासेमार भोक पाडून गळ टाकून बसला होता, तोही फळी ओलांडून आलेला, आणि शेजारी बाबा. दोघं मजेत बाबांनी दांड्याहून आणलेले सुके बोंबील चघळत होते. एकाला दुसऱ्याचा शब्द कळत नव्हता. माझा जीव भांड्यात पडला आणि मी बाबांच्या पाठीत धपाटा घातला. बाबा म्हणाले, "काय गं, येवरी बोंब कशाला?"

आता दांड्यात बाबा सांगत फिरतात ना, की त्या म्हाताऱ्या मासेमाराला त्यांनीच वाचवलं? साफ थाप आहे ती.

काठावर गालिनामावशी त्यांना फडाफडा बोलली. मी भाषांतर केलं नाही, तरी सगळं समजल्यासारखी त्यांनी मान खाली घातली. मग मला म्हणाले, "चल बाय, घरी. पाय गारठलं."

इतकी वर्षं फोनवर बाबा 'घर' म्हणाले की ते दांड्याचंच असायचं. त्या दिवशी कुणाला न विचारता ते चढण चढून आमच्या दाराशी गेले, बूट झटकले आणि आत शिरले. मी मागून रडत येत होते. मुंबई सोडल्यापासून इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.