चाळीस चमचे

कप जरा खाली ठेवा आणि मग ऐका, नाहीतर ठसका लागेल आणि वहिनी मला बोलतील. मराठी शिकवणाऱ्या मास्तरनं मराठीतच माती कशी खाल्ली, ती ही हकिकत. कुणी मला फसवलं नाही, कुणी माझ्यावर डाव टाकला नाही. सगळं मीच केलं, तेही शुद्धलेखन तपासून.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी विश्रामबागेत वाढलेला सांगलीचा माणूस. नोकरी लागली ती शिराळ्याकडच्या एका गावात. गावाबाहेर एक तळं होतं. तळं कसलं, निम्मं पाणी आणि निम्मा चिखल. पण थंडी पडली की तिथे इतके पक्षी उतरायचे की शाळा सुटली की माझी सायकल आपोआप तिकडे वळायची. हा एका पायावर का उभा? तो बुडी मारून इतका वेळ करतो काय? बत्तीस वर्षांचा घोडा झालो होतो, पण प्रश्न पडायचे ते चौथीतल्या पोरासारखे.

मग आम्ही 'पाणथळ राखण मंडळ' काढलं. मंडळात तीन माणसं आणि तिघंही पुढारी. अध्यक्ष सुभेदार तात्या, फौजेतून निवृत्त झालेले. दुर्बीण त्यांची म्हणून अध्यक्षपदही त्यांचं. उपाध्यक्ष अक्का, तळ्याखालच्या वीस गुंठ्यांत भाजी करणाऱ्या. आणि चिटणीस मी, कारण अक्षर चांगलं. साधा सभासद एकही नव्हता.

आता असं झालं की पंचायत समितीच्या सभापतींच्या, म्हणजे आबासाहेबांच्या, मनात आलं की तळ्याचा बांध फोडावा, पाणी ओढ्याला सोडावं आणि ती जमीन उसाखाली आणावी. महिनाअखेरीस ठराव येणार होता. तात्या चिडले, मी हळहळलो, पण खरा घोर अक्कांना होता.

"मास्तर, दुष्काळात सगळ्या गावाच्या हिरी आटल्या, माजी न्हाई आटली," अक्का म्हणाल्या. "का? तर तळ्याचा पाझर हाय तिला. बांध फुटला की माजी हीर गेली, आन् हीर गेली की म्या गेले."

ठरलं, आबासाहेबांना तळ्यावर आणायचं. एकदा डोळ्यांनी बघितलं तर माणूस विरघळेल. अर्ज लिहायचं काम अर्थात चिटणिसाकडे आलं.

त्या दिवसांत मला एका पक्ष्यानं वेड लावलं होतं. पांढराशुभ्र, बगळ्याहून थोराड, आणि चोच पुढे चपटी, थेट पळीसारखी. मान खाली घालायची, चोच अर्धी उघडी ठेवायची आणि चिखलात डावी-उजवीकडे, डावी-उजवीकडे फिरवत चालत राहायचं. गढूळ पाण्यात याला दिसत तर काहीच नसणार, मग मासा सापडतो कसा? मी त्यापायी दोन रविवार चिखलात बसलो. पुस्तकात नाव मिळालं: चमचा. तळ्यावर चाळीस चमचे होते. मी तीनदा मोजले होते.

मी अर्ज लिहिला. वाचून पाहिला, तर 'पक्षी' हा शब्द अकरा वेळा आलेला. आता तुम्हीच सांगा, पोरांच्या निबंधात ज्या पुनरुक्तीखाली मी लाल रेघा ओढतो, ती स्वतःच्या अर्जात कशी ठेवू? सगळे अकरा 'पक्षी' काढून टाकले. भाषा कशी सुटसुटीत झाली. तो अर्ज मला आजही पाठ आहे:

"मा. सभापतीसाहेब, रविवारी सकाळी तळ्यावर समक्ष यावे ही विनंती. गेल्या आठवड्यात आम्ही येथे चाळीस चमचे मोजले. हे चमचे दिवसभर चिखलात तोंड घालून असतात. एकाने मान हलवली की बाकीचेही हलवतात. पाणी आहे तोवरच ते थांबतात. पाणी आटले की एकही मागे राहत नाही. तरी आपण मोजक्याच माणसांनिशी यावे. जवळून पाहिल्यास चमचा ओळखणे अगदी सोपे असते."

हसू नका. पुढाऱ्यामागं फिरणाऱ्याला चमचा म्हणतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण दोन महिने मी त्या चिखलातच होतो, माझ्या डोक्यात दुसरा चमचा उरलाच नव्हता. तात्यांनी न वाचता सही ठोकली. फौजेत त्यांना तीच सवय. एक प्रत आबासाहेबांना गेली आणि कार्बनची प्रत मी चावडीवर चिकटवली. लोकजागृती नको का?

आणि काय जागृती झाली म्हणता. दुसऱ्या दिवशी चावडीपुढं ही गर्दी. एकजण मोठ्यानं वाचतोय, बाकीचे माना डोलावतायत. मला बघून चार-पाच जण धावत आले. पक्ष्यांविषयी गावात इतकं कुतूहल असेल असं मला वाटलं नव्हतं. मला भरूनच आलं.

"आवं मास्तर, चाळीसच व्हय? आमाला तर लय दिसत्यात."

"कुठे?" मी वही काढली.

"पंचायत समितीत."

"तिथे पाणी आहे?"

"भरपूर हाय की. म्हनून तर गोळा झाल्यात."

मी वहीत लिहिलं, 'पंचायत समिती, मागचा ओढा? खात्री करणे.' दुसऱ्यानं विचारलं, "मास्तर, ह्ये रूप बदलत्यात का वो?"

"बदलतात ना. हंगाम आला की डोक्यावर तुरा येतो."

"इलेक्शनच्या हंगामाला," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे खिदळले. खेड्यातली माणसं किती रसिक, असं मी त्या दिवशी सांगलीला भावाला पत्रात कळवलंसुद्धा.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत सर्जेराव शाळेत आला. हा आबासाहेबांची बॅग धरायचा. आबासाहेब जीपमधून उतरायच्या आधी बॅग उतरायची आणि बॅगेआधी सर्जेराव. मी चहा मागवला. तो खुर्चीच्या कडेवर टेकला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, त्या चाळिसात आमचं नाव हाय का?"

मी रविवारच्या मोजणीची कामं वाटत होतो. कुणी काय मोजायचं त्याची यादी समोरच होती. तात्यांकडे बगळे, अक्कांकडे बुडी मारणाऱ्या टिबुकल्या.

"अजून नाही," मी म्हटलं. "घालू?"

"घालनार हायसा व्हय?"

"तुमची इच्छा असेल तर. चमच्यांत एक जागा रिकामीच आहे. आणि तुम्ही रोज साहेबांबरोबर असता, तुमच्याइतका अनुभव कुणाला असणार?"

बिचारा चहा अर्धा टाकून उठला. मला वाटलं, आनंदानं गहिवरला. मी यादीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'चमचे – श्री. सर्जेराव', आणि संध्याकाळी तीही चावडीवर लावली.

शनिवारी अक्का भाजीची पाटी घेऊनच माझ्या खोलीवर आल्या. पाटी टेकवली आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमी येडं हायसा का लय धाडसी, ह्ये इचारायला आलेय." आणि मग गाव तो अर्ज कसा वाचतंय ते त्यांनी मला ओळीओळीनं सांगितलं. 'जवळून पाहिल्यास' पर्यंत आल्या तेव्हा मी ट्रंक ओढून कपडे भरायला घेतले होते. सांगलीची शेवटची एस.टी. साडेपाचची होती.

"जा की," अक्का शांतपणे म्हणाल्या. "तुमास्नी दुसरी शाळा मिळंल. मला दुसरी हीर कोन देनार?"

मी ट्रंक परत खाटेखाली सरकवली. खरं सांगतो, लाज वाटली.

रविवारी सकाळी जीप आली, मागं माणसांनी भरलेली ट्रॉली. आबासाहेबांनी सगळ्यांना रस्त्यावरच थांबवलं. अर्जात लिहिलं होतं म्हणून नव्हे, तर हे बोलणं त्यांना चारचौघांत करायचं नव्हतं. एकटेच बांधावर आले, मागं फक्त बॅग आणि सर्जेराव. खिशातून अर्ज काढला.

"मास्तर, चिखलात तोंड घालून असतो, त्यो कोन?"

तात्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून सरळ साहेबांच्या हातात दिली. "त्यो बगा, साहेब. बारा वाजता, म्हंजी नाकासमोर, पन्नास यार्ड."

आबासाहेबांनी दुर्बीण लावली. बराच वेळ लावली. मग एका हातानं अर्ज वर धरला आणि एक डोळा कागदावर, एक तळ्यावर, असं वाचू लागले. "चिखलात तोंड... व्हय रं. एकानं मान हलवली की... आरं तिच्या मायला, खरंच की." मग त्यांचं पोट हलायला लागलं. असे हसले की टोपी बांधावरून खाली घरंगळली, आणि ती उचलायला सर्जेराव धावला.

पण गंमत पुढे आहे. हसू ओसरल्यावर गडी तिथून हलेना. "मास्तर, ह्येला दिसत तर काय न्हाई. मग मासा गावतो कसा?" अहो, माझाच प्रश्न! मी सांगितलं की मासा चोचीला लागला की चोच मिटते. "नुसत्या स्पर्शावर?" म्हणत त्यांनी चपला काढल्या आणि घोट्याएवढ्या चिखलात उतरले. आणखी जवळून बघायचं होतं त्यांना.

मीही मागं उतरलो. ऊन लागतंय म्हणून छत्री धरली. चपला वाहून जातील म्हणून उचलल्या. ते म्हणाले, "ह्यो पक्षी मानसापरास हुशार." मी म्हटलं, "अगदी बरोबर, साहेब." ते म्हणाले, "ऊस काय, कुटंबी लावता येतोय." मी म्हटलं, "साहेबांची नजरच लांबची." शेवटी ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे बांध. ठरावाचं म्या बगतो." मी म्हटलं, "साहेब, असा माणूस तालुक्यात झाला नाही."

बांधावरून अक्कांची हाक आली. वही त्यांच्याकडे होती. विहीर वाचल्याचं त्यांनी ऐकलं होतं. आवाज नुसता फुलला होता.

"मास्तर, चमचं किती लिवू?"

"चाळीस," मी ओरडलो.

"न्हाई वो. म्या आत्ता मोजलं. एकेचाळीस हाईत."

नवा एक उतरला? माझ्या नजरेतून सुटला कसा? मी टाचा उंचावून सगळं तळं धुंडाळलं. "कुठे आहे, अक्का? मला दिसत नाही."

"तुमाला कसा दिसंल?" अक्का म्हणाल्या. "साहेबांच्या मागं उभा हाय. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चपला."