मध्यंतरातला साकव

निलमचं माहेर न्यूझीलंडमध्ये आणि सासर दक्षिण आफ्रिकेत. दोन्हींच्या मधून एक नाला वाहतो, उन्हाळ्यात ढांगेएवढा आणि पावसाळ्यात छातीएवढा. पलीकडे वरचा पाडा, अलीकडे खालचा. जवळच्या उधवा गावाहून रिक्षा मिळाली तर इथे यायला वीस मिनिटं लागतात आणि रिक्षा साधारणपणे मिळत नाही. तीन वर्षांपूर्वीपर्यंत दोन्ही पाडे निमूटपणे तलासरी तालुक्यातच होते.

सगळं घडलं कपड्यांमुळे. निलमचा धाकटा दीर नितीन आश्रमशाळेत असताना रग्बी शिकला आणि राज्याच्या संघापर्यंत जाऊन आला. परत आल्यावर भात कापलेल्या शेतात तो पाड्यावरच्या पोरापोरींना लांबोडका चेंडू मागे फेकायला आणि स्वतः पुढे पळायला शिकवू लागला. त्याचं कौतुक वाटून मुंबईच्या कुठल्याशा क्लबाने जुन्या जर्सींचे दोन गठ्ठे पाठवले. महिना जुलैचा. एक गठ्ठा निलमच्या भावाने, चिमणने, डोक्यावर घेऊन नाला ओलांडला. दुसरा न्यायला तो वळला तेवढ्यात पाणी चढलं, ते पाच दिवस उतरलं नाही. पलीकडे गेलेल्या गठ्ठ्यात सगळ्या काळ्या जर्सी निघाल्या, अलीकडे राहिलेल्यात सगळ्या हिरव्या. पाणी उतरेपर्यंत दोन्हीकडे वाटप उरकलं होतं. माणसाने कोणत्या देशासाठी जीव टाकायचा हे बहुधा सगळीकडे असंच ठरत असावं, पण इतकं लख्ख क्वचितच दिसतं.

काळी जर्सी न्यूझीलंडची आणि हिरवी दक्षिण आफ्रिकेची, हे नितीनने सांगितलं. तेवढं पुरलं. पुढच्या वर्षी वरच्या पाड्याने काळ्या जर्सीत लावणी केली, खालच्याने हिरव्या. बोर्डीला चिकूच्या वाडीत कामाला जाणाऱ्या बायका टेम्पोत दोन बाजूंना बसू लागल्या. उंबरगावच्या कंपनीत एकाच पाळीला जाणारी पोरं एकाच मोबाइलवर मॅच बघत आणि दोन वेगवेगळ्या मॅचेस बघितल्यासारखी घरी येत.

या सगळ्यात निलमची नोकरी अशी होती, की तिने माणसं गोळा करायची. ती पेसा ग्रामसभेची, म्हणजे आदिवासी गावांना खास कायद्याने मिळालेल्या सभेची, मोबिलायझर. बारावी झालेली, दोन पोरांची आई, हातात कायम एक रजिस्टर आणि चपलेला कायम चिखल. सभेची तारीख ठरली की घरोघर जायचं, आज या हो म्हणायचं, आणि सभेच्या दिवशी पुन्हा घरोघर जाऊन का नाही आलात हो म्हणायचं. तिच्या डोक्यात तीन वर्षं एकच विषय होता: नाल्यावर साकव. मोठा पूल नको, दोन माणसं शेजारून जातील एवढा. वरच्या पाड्याची पोरं पावसाचे चार महिने अलीकडच्या शाळेत येत नाहीत, आणि निलमला त्याच चार महिन्यांत आपल्या आईचं तोंड दिसत नाही. ठरावाला शंभर माणसं लागतात. पहिल्या वर्षी एकसष्ट आली. मागच्या वर्षी चौऱ्याण्णव जमली होती आणि सहा जण वाटेत दिसत होते, तेवढ्यात कोणीतरी या दोन देशांत झालेल्या वर्ल्ड कप फायनलमधल्या लाल कार्डाचा विषय काढला.

"चौदा माणसांत खेळून एका गुणाने हरलो. त्याला हरणं म्हणत नाहीत," चिमण म्हणाला.

"मग काय म्हणतात?" नितीनने विचारलं.

"लुटणं म्हणतात."

"अरे, मान धरली तर कार्ड मिळणारच. तुमचा कॅप्टन काय कोंबडी पकडत होता?"

वरचा पाडा उठला आणि नाला ओलांडून न्यूझीलंडला निघून गेला. सभा तहकूब.

या वर्षी भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, आधीच सांगून ठेवलं. "निलमताई, गावच्या कामांचा आराखडा सोमवारी वर जातो. शनिवारी अकराला सभा. शंभर सह्या म्हणजे शंभर. नव्व्याण्णवला मी पेनाचं टोपण उघडणार नाही." भाऊसाहेब डहाणूहून मोटरसायकलवर येत. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याने बावीस वर्षं ग्रामसभा पाहिल्या होत्या.

पाऊस ओसरून नाला कमरेएवढा झाल्यावर निलमने दोन्ही पाडे दोनदा पालथे घातले. सगळे म्हणाले, येतो. इतक्या एका सुरात येतो म्हणाले, की तिला तेव्हाच संशय यायला हवा होता.

शनिवारी अकरा वाजता समाजमंदिरात निलम होती, भाऊसाहेब होते आणि काकड्या होता. काकड्या सत्तरीचा, कानाने अधू, दोन्ही पाड्यांना काका. तो सभेला नेहमी येई, कारण तिथे पंखा होता. साडेअकराला भाऊसाहेबांनी घड्याळ पाहिलं. बाराला त्यांनी रजिस्टर मिटायला घेतलं. सव्वाबाराला माणसं यायला लागली.

आधी खालचा पाडा आला, हिरवा. मग वरचा, काळा, कमरेपर्यंत भिजलेला, बायकांनी लुगडी वर खोचलेली, एकाच्या खांद्यावर पोर. सगळ्यांत शेवटी निलमची आई बुधीबाई, लुगड्यावर काळी जर्सी, त्यावर पांढरं पान. निलमने भराभर डोकी मोजली. एकशे सव्वीस. सहीच्या वयाची नसलेली पोरं वगळली तरी काठावर शंभर. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं. तेवढ्यात नितीनने खिशातून वायर काढली आणि मोबाइल समाजमंदिराच्या टीव्हीला जोडला.

"नितीन, हे काय?"

"वहिनी, मॅच. न्यूझीलंड विरुद्ध आफ्रिका, चार देशांची स्पर्धा. साडेबाराला चालू."

"आणि सभा?"

"सभा काय, ती नेहमीचीच आहे."

निलमने भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी छताकडे पाहिलं.

"भाऊसाहेब, माणसं आहेत. मध्यंतर असतं. पंधरा मिनिटं. तेवढ्यात करू."

"ग्रामसभा? मध्यंतरात?"

"माणसं इथं बसलेली असताना घ्यायची नाही असं कायद्यात लिहिलंय का?"

तसं लिहिलेलं नव्हतं. भाऊसाहेब काकड्याच्या शेजारी पंख्याखाली बसले.

पहिला अर्धा निलमने उभ्यानेच काढला. खेळ तिला कळत नसे असं नाही. कळत असे, म्हणूनच जास्त वैताग येई. मॅच सुरू होण्याआधी काळ्या जर्सीवाले मांड्या थोपटत नाचले, तेव्हा बुधीबाई सगळ्यांना गप्प करून म्हणाली, "बघा. आधी घाबरवायचं, मग बॉलला हात लावायचा. तुमच्याकडं आहे का असं काही?"

"आमच्याकडं चार कप आहेत, डोशे," मागून कोणीतरी हिरवं म्हातारीला म्हणालं. "तुमच्याकडं तीन."

"तीन तर तीन. आम्ही नाचून जिंकलोय."

"आता बघ, दुसऱ्या अर्ध्यात आमची ताज्या दमाची माणसं उतरतील, सगळे रेडे."

"रेडे आमच्या गोठ्यातही आहेत. ते खेळत नाहीत, चरतात."

शिट्टी वाजली, खेळाडू आत गेले. निलमने पुढे होऊन टीव्हीचं बटण बंद केलं. एकशे सव्वीस माणसांचा असा आवाज झाला, जणू तिने पाड्याचं पाणी तोडलं होतं.

"पंधरा मिनिटं," ती म्हणाली. "साकवाचा ठराव. आधी अध्यक्ष निवडा."

पेसाच्या सभेला अध्यक्ष दरवेळी जमलेल्यांतून निवडतात. खालच्यांनी नितीनचं नाव घेतलं, वरच्यांनी चिमणचं. त्यात दोन मिनिटं गेली. निलम दात ओठ खात म्हणाली, "काकड्याकाका." यावर दोन्हीकडचे कबूल झाले. जर्सी संपल्यामुळे काकड्याला मिळालीच नव्हती. साऱ्या गावात तेवढाच एक माणूस अजून भारतात राहिला होता. काकड्याला खुर्चीत बसवलं. त्याला वाटलं पंख्याखालून उठवतायत. समजूत घालण्यात आणखी एक मिनिट गेलं.

"विषय," भाऊसाहेब वाचू लागले, "खालचा पाडा ते वरचा पाडा नाल्यावर साकव बांधणे."

"थांबा," चिमण म्हणाला. "खालचा आधी का?"

"कोणाचं तरी आधी येणारच ना."

"मग वरचा येऊ दे."

"का बुवा?" नितीन उठला. "यजमानाचं नाव आधी असतं. सभा कोणाच्या पाड्यात आहे?"

"आणि मॅच कोणाच्या देशात आहे? न्यूझीलंडमध्ये! आज यजमान आम्ही!"

इथून पुढे कोण काय बोललं ते कोणालाच सांगता येणार नाही, कारण शंभर माणसं एकदम बोलत होती. कोणी म्हणे साकव वरून खाली येतो, कोणी म्हणे चढतो. कोणी लाल कार्ड परत आणलं. भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटं उरली. निलमला वाटलं, हे रजिस्टर नाल्यात टाकावं आणि त्यावरून चालत माहेरी जावं. ते केलं असतं तर तेवढा तरी साकव झाला असता.

त्याऐवजी ती खुर्चीवर चढली आणि ओरडली, "रेफ्रीशी कोण बोलतं?"

थोडा आवाज उतरला.

"नितीन, तूच शिकवलंस ना पोरांना? मैदानात रेफ्रीशी कोण बोलतं?"

"कॅप्टन," नितीन म्हणाला.

"बाकीचे बोलले तर?"

"पेनल्टी." हे चार-पाच पोरींनी एकदम म्हटलं.

"मग भाऊसाहेब रेफ्री. नितीन, चिमण, पुढं या. बाकी कोणी तोंड उघडलं तर टीव्ही चालू होणार नाही."

समाजमंदिर गप्प झालं. भाऊसाहेबांनी बावीस वर्षांत अशी शांतता ऐकली नव्हती. कायदा, परिपत्रक, तहसीलदार, यांपैकी कोणाला ही माणसं कधी भ्यायली नव्हती. पण रग्बीचा नियम मोडणारा माणूस दोन्ही पाड्यांत एकही नव्हता.

दोघे कॅप्टन हात मागे बांधून उभे राहिले. दोघांनी आपापलं म्हणणं सर म्हणून मांडलं. भाऊसाहेबांना त्या बावीस वर्षांत प्रथमच कोणीतरी सर म्हणत होतं, आणि ते त्यांना आवडलेलं दिसलं. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष झोपले होते. मग त्यांनी टोपण उघडलं, काहीतरी लिहिलं आणि एका दमात वाचलं, "नाल्याच्या उभय तीरांस जोडणारा साकव बांधणे कामी मंजुरी. हात वर करा."

उभय म्हणजे काय, हे विचारायला वेळ नव्हता. घड्याळात एक मिनिट होतं. दोन्ही रंगांचे हात वर गेले. टीव्ही लागला.

पण सह्या राहिल्या होत्या. मग पूर्ण दुसरा अर्धा निलम रजिस्टर आणि शाईचा डबा घेऊन रांगांतून वाकत फिरली. "ए वहिनी, सरक!" "निलम, डोकं खाली!" "इथं? इथं का? अरे पळ, पळ... कुठं सही?" एकाने आनंदाच्या भरात दोनदा अंगठा दिला, तो एक खोडावा लागला. एकाने हरण्याच्या रागात सहीच केली नाही, त्याच्याकडे ती तीनदा गेली. काही न्यूझीलंडवाले मॅच हातची जाते म्हणून मध्येच उठून बाहेर गेले, त्यांच्यामागे ती नाल्यापर्यंत पळाली आणि खडकावर रजिस्टर ठेवून सह्या घेतल्या. काकड्याला जागं करून अध्यक्षाची सही घेतली. स्वतःची केली. नव्व्याण्णव.

राहिली बुधीबाई. तिने मूठ वळलेली होती.

"आये, अंगठा."

"काय लिहिलंय? आपल्या पाड्याचं नाव आधी आहे ना?"

निलमला खोटं बोलता आलं असतं. पण दिवसभरात तिचा एवढा जीव गेला होता, की खोटं रचायला काही शिल्लक नव्हतं. "कोणाचंच नाही. नुसतं दोन तीर लिहिलंय."

"मग माझा अंगठा कशाला? नाव नाही, गाव नाही."

"आये, पावसात जून ते सप्टेंबर तू तिकडं, मी इकडं. मागल्या वर्षी तुला ताप आला ते मला दसऱ्याला कळलं."

"कळलं असतं तर काय केलं असतं?"

"आले असते."

"कुठून? पाण्यातून?"

"म्हणूनच साकव!"

बुधीबाईने टीव्हीकडे पाहिलं. मग लेकीकडे. मग म्हणाली, "तुला आफ्रिकेत दिली तिथंच तुझ्या बापाचं चुकलं," आणि मूठ उघडून अंगठा असा दाबला, की शाई खालच्या ओळीपर्यंत उतरली.

शंभर.

पण म्हातारीचा आवाज दबका नव्हता. पुढच्या रांगेतून नितीनने मान वळवली. "वहिनी, काय म्हणाली ती? कोणाचंच नाव नाही?" पलीकडून चिमण उठला. "म्हणजे आमचंही नाही? उभय म्हणजे काय?" मॅचची शेवटची पाच मिनिटं चालू असताना सात-आठ माणसं उठली, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळावं.

निलम तोवर दाराबाहेर होती. तिने रजिस्टर भाऊसाहेबांच्या पिशवीत कोंबलं, पिशवी त्यांच्या गळ्यात अडकवली आणि त्यांना मोटरसायकलकडे ढकललं. भाऊसाहेब आरशावरून हेल्मेट काढू लागले. मागे दारात काळं-हिरवं एकत्र दिसू लागलं होतं, तीन वर्षांत पहिल्यांदाच एका बाजूने.

"वहिनी, थांबव त्यांना! एकच शब्द घालायचाय!"

"भाऊसाहेब," निलम म्हणाली, "आधी किक मारा. हेल्मेट उधव्यात घाला."