अबोलीभोवतीचे काटे

काट्यांना इतका जीव लावणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये दुसरा झाला नाही, आणि होईल असं मला वाटतही नाही. आमच्या बैठ्या चाळीतल्या शेवटच्या खोलीतले काका मूळचे मालवणकडचे, गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. संपात गिरणी बंद पडली तेव्हा सगळे म्हणाले, आता काका खचणार. कसले खचतायत! खोलीपुढच्या चटईएवढ्या जागेला त्यांनी कुंपण घालायला घेतलं.

त्या जागेत काकूंची अबोली होती. काकू तिच्या वेण्या करून देवळापाशी विकायच्या, आणि पगार थांबल्यापासून चूल त्या वेण्यांवरच पेटत होती. पण मागच्या वस्तीतल्या शेळ्यांनाही अबोली पसंत पडली. दोनदा त्यांनी झाडं बुडख्यापर्यंत फस्त केली. दुसऱ्यांदा काकू दारात बसून रडल्या, तसे काका उठले आणि बोरीची रोपं घेऊन आले. गावी लहानपणी त्यांनी गुरं आवरली होती, शेळीशी कधी गाठ पडली नव्हती. शेळीला बोरीचा पाला म्हणजे जिलबीच. आठवड्याभरात पाच नव्या शेळ्या जेवायला हजर. "कुंपण नाय रे, मी आमंत्रणपत्रिका लावली," काका म्हणाले.

मग गावाहून एसटीनं, ओल्या गोणपाटात गुंडाळून, करवंद, शिकेकाई आणि सागरगोटा आला. सागरगोट्याचे काटे आकड्यासारखे उलटे. त्यात अडकलेली कंडक्टरची पँट कणकवलीपासून पनवेलपर्यंत सोडवत आणली, असं काका अभिमानानं सांगत. जाळी वाढली, दाट झाली. फाटक्या कानाची म्होरकी शेळी एका दुपारी तोंड घालायला आली, नाक चाटत मागे फिरली आणि पुन्हा दिसली नाही. अबोली फुलली.

काकांना मात्र आता नादच लागला. घरी आलेल्या पाहुण्याला चहाआधी काटे दाखवायचे. "गुलाबाचो काटो म्हणजे नुसतो नखरो. ह्यो बघ, हात लावून बघ!" पाहुणा हात लावायचा आणि काका खिशातून सुई काढायचे. ती सुई सदैव खिशाला टोचलेली असे. साच्यावर तुटलेले धागे सांधणारे हात ते, काटा कधी निघाला हे कळायचंही नाही. निम्म्या चाळीचे काटे त्यांनीच काढलेत, माझे तर मोजूच नका. काकू रोज कुरकुरायच्या, "लोक फुलं लावतात, आमच्याकडे हे."

अखेर सेक्रेटरीच्या बायकोची नवी साडी जाळीत अडकून टरकन फाटली आणि चाळीची मीटिंग भरली. कुंपण तोडायचं, सगळ्यांचं एकमत. काका खाली मान घालून बसलेले. तेवढ्यात मागून काकू उभ्या राहिल्या. "ह्यांचा पगार थांबला तेव्हा माझ्या अबोलीनं घर चालवलं. आणि अबोली ह्या काट्यांनी राखली. तोडायचे असतील तर आधी मला विचारा."

कोणीच विचारलं नाही. साडीवाल्या बाई काकूंकडून वेणी घेऊन घरी गेल्या. मी काकांकडे पाहिलं. ते सुईनं स्वतःच्या बोटातला काटा काढत होते, पण डोळे इतके भरून आले होते की त्यांना तो दिसेना. शेवटी सुई त्यांनी माझ्या हातात दिली. त्यांचा म्हणून मी काढलेला तेवढा एकच काटा.