नकलनवीस तात्यांचे विलायती खटले

इंग्रजी सिनेमाची गोष्ट कोर्टाच्या भाषेत सांगणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे आणि चार वर्षं त्याच्या दौतीत माझा टाक बुडवला आहे. भोरच्या संस्थानी कचेरीत तात्या नकलनवीस होते. मूळ कागदावरून हुबेहूब दुसरा उतरवायचा, हे त्यांचं काम. आणि महिन्यातून एका रविवारी पुण्याला जाऊन लष्कर भागातल्या थिएटरात हॉलिवुडचा सिनेमा बघायचा, हे त्यांचं व्यसन. सोमवारी साहेब येईपर्यंतचा वेळ आमचा असे. तात्या चष्मा पुसत, घसा खाकरत आणि सुरू करत, "वादी ही सुमारे बावीस वर्षांची, दिसण्यास गोरी, राहणार समुद्रकाठ. प्रतिवादी हा धंद्याने दरोडेखोर, परंतु मनाने चांगला."

सिनेमांची त्यांनी रीतसर वर्गवारी केली होती. घोडे आणि पिस्तुलं असली की फौजदारी. प्रेमाची भानगड असली की दिवाणी. भुतांचे सिनेमे ते वारसाहक्कात घालत, कारण भूत म्हणजे ताबा न सोडणारा मयत इसम. नाचगाण्यांचे सिनेमे किरकोळ अर्जांत जात. विनोदी सिनेमाला मात्र त्यांच्याकडे कलमच नव्हतं. तो सांगताना ते स्वतःच इतके हसत की खटला पुढे सरकत नसे, आणि आम्ही का हसतोय हे ठाऊक नसताना आम्हीही डोळे पुसत असू.

नटनट्यांची नावं त्यांच्या जिभेवर टिकत नसत, म्हणून त्यांनी ती मराठीत आणली होती. एक उंच भुवयांची बाई होती, ती भुवईताई. बारीक मिशांचा एक देखणा गडी होता, तो जावईबापू. आणि घोड्यावर बसून दुष्टांना लोळवणारे एक भारदस्त गृहस्थ होते, ते तात्यांच्या मते वेल्ह्याकडच्या एका पाटलांसारखे दिसत. त्यामुळे आमच्याकडे "मग पाटलांनी पिस्तूल काढलं" असंच सांगितलं जाई. ही बातमी डोंगर चढून खऱ्या पाटलांपर्यंत गेली. ते एकदा फेटा बांधून कचेरीत आले. आम्हाला वाटलं, आता तात्यांचं काही खरं नाही. पाटलांनी आवाज खाली घेऊन एवढंच विचारलं, "मंग औंदा आमी कुणाला हानला?"

तात्यांना इंग्रजी येत नव्हतं. अक्षरं ते छापल्यासारखी काढत, पण अर्थाच्या वाटेला जात नसत. मी मॅट्रिक झालेला, म्हणून मला ते 'मॅट्रिक' अशीच हाक मारत. एकदा मी त्यांच्याबरोबर पुण्याला गेलो, कान टवकारून बसलो आणि तात्यांच्या निम्माही सिनेमा मला कळला नाही. त्यांनी माझी कीव केली. "मॅट्रिक, साक्षीदार बोलायला लागला की ऐकायचं नसतं. त्याच्या हाताकडे बघायचं." भुवईताईचे डोळे निळे आहेत, असं ते छातीठोक सांगत. काळ्यापांढऱ्या पडद्यावर ते कसे दिसले, असं मी विचारलं, तर म्हणाले, "रडताना कळतं."

आता वेणूबाईंकडे यायला हवं. त्या कामथडीच्या. बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी घेऊन भोरला येत आणि रिकामी पाटी काखेत धरून कचेरीच्या ओट्यावर टेकत. नवरा लढाईवर गेला होता. आधी महिन्याला पत्र यायचं, मग दोन महिन्यांनी, मग आठ महिन्यांत एकही नाही. तात्यांनी एकदा शिपायाचा सिनेमा सांगितला तो त्यांच्या कानावर पडला. शिपाई रणावर हरवतो, बायको वाट बघते, आणि शेवटी ती विहिरीवर असताना मागून तिच्या हातातला दोर कुणीतरी धरतं. वेणूबाई दर बाजाराला येऊन म्हणत, "तात्या, तेवढं शिपायाचं सांगा की." तात्या सांगत. दर वेळी विहीर थोडी खोल होई आणि शिपाई थोडा जाड.

तेवढ्यात नसरापूरला तंबूचा सिनेमा आला, आणि त्याच्या जाहिरातीत हाच सिनेमा. गावोगाव दवंडी फिरली. तात्यांना आनंदाचं भरतं यावं, तर त्यांनी दुपारचा डबासुद्धा उघडला नाही. मी खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी मला नदीकाठी नेलं आणि इकडंतिकडं बघून कबुली दिली. भोरची शेवटची मोटार पुण्याहून सव्वापाचला सुटायची. खेळ संपायचा पावणेसहाला. मी बरोबर होतो त्या रविवारीही आम्ही मधूनच उठलो होतो, पण ते त्या दिवसापुरतं, असं मी समजलो होतो. इतक्या वर्षांत तात्यांनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता. लग्नं त्यांनी लावली होती, दरोडेखोर त्यांनी सुधारले होते, पाटील त्यांनी जिंकवले होते. विहीरही त्यांचीच. "मॅट्रिक," ते म्हणाले, "तो पोरगा येतो की नाही, मला ठाऊक नाही रे."

वेणूबाईंनी तंबूत जाऊ नये म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं. तंबूत डास फार, म्हणाले. गोरे लोक तोंडं फार जवळ आणतात, म्हणाले. वेणूबाई पदर तोंडावर धरून हसल्या. त्या गावच्या चार बायका जमवून आल्या आणि पुढच्या रांगेत बसल्या.

दिवेलागणीचा पहिला खेळ. तात्या आणि मी मागे बसलेलो. त्यातून आवाजाचं यंत्र बिघडलेलं. तंबूवाला हात जोडून विचारू लागला, कुणाला गोष्ट ठाऊक आहे का. वेणूबाई उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आमच्या तात्यांस्नी समदी म्हाईत हाय." झालं. तात्यांच्या हातात पत्र्याचा कर्णा आला.

मी तात्यांना इतकं सुरेख बोलताना पुन्हा ऐकलं नाही. वादी आली, प्रतिवादी आला, तोफा झाल्या, सारा तंबू त्यांच्या मुठीत. मग ते नेहमी उठत ती जागा आली. मला ती लगेच कळली, कारण कर्णा खाली आला. पडद्यावर एक अंमलदार दारात आला होता. त्याच्या हातात कागद होता आणि एक टोपी. त्याने टोपी त्या बाईच्या हातात ठेवली. तंबूत फक्त यंत्राची खरखर.

"तात्या, काय म्हनतोय त्यो?" अंधारातून वेणूबाईंचा आवाज आला.

तात्यांनी कर्णा उचलला. पंचवीस वर्षांत एकाही नकलेत वेलांटी न चुकलेला, दुसऱ्याच्या चुकीवर आठ दिवस अबोला धरणारा तो माणूस सावकाश म्हणाला, "अंमलदार चुकीच्या घरी आलेला आहे. ही टोपी दुसऱ्या शिपायाची. कागद उतरवताना कारकुनाकडून नावात चूक झाली. सबब निकाल राखून ठेवण्यात येत आहे." आणि दिवे लागेपर्यंत ते पडद्याकडे पाठ करून उभे राहिले.

लोकांना पटलं. कचेऱ्यांतल्या कारकुनांबद्दल त्यांचं मत आधीपासून तसंच होतं. सारोळ्याकडचे दोघं त्या कारकुनाला शिव्या देतच बैलगाडीत चढले. वेणूबाई मात्र बायकांना पुढे घालून आमच्याजवळ आल्या.

"तात्या, त्या बाईनं टोपी हुंगली. दुसऱ्याची टोपी कोन हुंगतं व्हय?"

मी काहीतरी बोलायला गेलो, तर तात्यांनी माझा दंड धरला.

वेणूबाईंनी पदर सावरला. "पर तुमच्या कचेरीत चुका व्हत्यात न्हवं का?"

"होतात," तात्या म्हणाले. "फार होतात, वेणूबाई. रोज होतात."

त्यानंतर त्यांनी पुण्याला जाणं सोडलं. सोमवारी आम्ही आर्जव केलं की कामाचा ढीग दाखवत. वेणूबाई बाजाराला येत, ओट्यावर बसत, पाणी पीत आणि शिपायाची गोष्ट मागत नसत. दोघंही पाऊसपाण्याचं बोलत. ते ऐकण्यापेक्षा मला साहेबांची बोलणी बरी वाटत.

लढाई संपून सहा-सात महिने झाले असतील. बाजाराच्या दिवशी ओट्यावर वेणूबाई उभ्या आणि मागे एक उंच, काळवंडलेला माणूस, अंगावर ढगळ खाकी कोट. शत्रूच्या कैदेत होता, पत्रं पोचलीच नव्हती. आम्ही सगळे टाक टाकून उठलो. उठले नाहीत ते तात्या. त्यांनी चष्मा पुसला, त्या माणसाला समोर बोलावलं आणि त्याला नाव विचारलं. मग बापाचं नाव, मग गाव. तो सांगत गेला. तात्यांनी त्याला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. सैन्यातून सुटून आलेला तो गडी आपसूक ताठ उभा राहिला आणि त्याने पुन्हा सांगितलं.

तात्या बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, मूळ कागद आणि नक्कल शेजारी ठेवून ताडून बघावी तसे.

"अस्सल आहे, वेणूबाई," ते शेवटी म्हणाले. "घेऊन जा."