देशमुखांची लाथ

टेक्सासमधल्या आमच्या अर्विंगच्या ऑफिसात आम्ही चार मराठी माणसं एका टेबलावर डबे उघडतो. चार डबे एकत्र आले की किस्से आपोआप साचतात. पण गेल्या वर्षभरातले सगळे एकट्या देशमुखांचे! वय सेहेचाळीस, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, आणि आवाज इतका हळू की मीटिंगमध्ये लोक त्यांना "यू आर ऑन म्यूट" म्हणतात. नसतात हो म्यूटवर!

या माणसाने एका शनिवारी एक कोरियन कॉमेडी सिनेमा पाहिला. ऑफिसात पिचलेला नोकरदार कुस्ती शिकतो, अशी स्टोरी. सोमवारी भाजीचा डबा उघडता उघडता म्हणाले, "मीपण नाव घातलंय." आम्हाला वाटलं, योगाला.

कुस्तीला! आणि तीही आपली मातीतली नाही. दोरांच्या रिंगमधली, कोण जिंकणार ते आधी ठरवून लोकांसमोर करायची. पण आपटतात ते खरंखुरं, बरं का!

*

पहिल्याच महिन्यात मानेला पट्टा लावून आले. मॅनेजर घाबरला. "अ‍ॅक्सिडेंट?"

देशमुख म्हणाले, "नो. होमवर्क."

*

ट्रेनर म्हणाला, रिंगमध्ये ओरडता आलं पाहिजे. मग हे रोज लंचमध्ये पार्किंग लॉटला जायचे आणि गाडीच्या काचा लावून डरकाळ्या फोडायचे. एकदा सिक्युरिटी गार्डने काच ठोठावली.

देशमुखांनी काच खाली करून आशेने विचारलं, "बाहेर ऐकू आलं?"

"येस सर!"

दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर पेढे!

*

मी वहिनींना फोन केला. म्हटलं, "अहो, अडवा त्यांना, हाडं मोडतील."

"अगं, घोरणं थांबलंय त्यांचं! मी कशाला अडवू?"

*

पण एक गोष्ट त्यांना सलत होती. त्यांची इरा, सोळा वर्षांची. बापाशी बोलणं इंग्लिशमध्ये, आणि तेही मोजकंच. "बाबा, प्लीज डोन्ट टेल एनीवन," एवढंच म्हणाली होती. त्या दिवशी देशमुखांनी डबा उघडलाच नाही. म्हणाले, "तिने एकदा बघायला यावं, बस. मग सोडून देतो."

*

पहिल्या मॅचला इरा आली. हूड डोक्यावर ओढून, आमच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. देशमुख हरणार, हे ठरलेलंच होतं. समोर सव्वाशे किलोचा टेक्सन.

घंटा वाजली आणि आमच्या देशमुखांनी उडी मारून त्याच्या छातीत लाथ घातली! काय उडी ती! मी आ वासून बघत राहिले. आणि लगेच, पाय लागला म्हणून, हा माणूस वाकला, टेक्सनच्या छातीला हात लावला आणि तो हात स्वतःच्या कपाळाला लावला. नमस्कार! पुन्हा लाथ, पुन्हा नमस्कार! हॉल नुसता खिदळत होता. इराने तोंड झाकून घेतलं.

तेवढ्यात टेक्सनने त्यांना उचलून धाडकन आपटलं आणि छातीवर बसला. रेफरी मोजायला लागला, तीन झाले की हरले! वन! टू!

इरा खुर्चीवर चढली. हूड मागे फेकलं. "बाबा! पाया नको पडू! मार ना त्याला! दॅट्स माय डॅड!"

देशमुखांनी सव्वाशे किलोचा तो गडी उलथून टाकला, वर बसले आणि जिंकले!

ट्रेनर धावतच आला. "अरे, तू हरणार होतास ना!"

देशमुख त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मुलगी मार म्हणाली."